बाबांचा कंपवात आणि संशोधनासाठी दिलेलं रक्त

घरात पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा, पेशंट आहे आणि डॉक्टरांनी ‘एका संशोधनात भाग घ्याल का’ असं विचारलं आहे, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. आमच्यापुढे हा प्रश्न आला तेव्हा यातून गेलेलं ओळखीचं कुणीच नव्हतं. सल्ले मात्र भरपूर मिळाले. एका मामांचं म्हणणं, बाबांवर प्रयोग करतील, सही करू नका. दुसऱ्या नातेवाइकांचं म्हणणं, परदेशातलं नवं औषध फुकट मिळेल, संधी सोडू नका. यातलं काहीच घडणार नव्हतं. जे घडतं ते आधी कळलं असतं तर आमच्या काही रात्री तरी शांत झोपेच्या गेल्या असत्या.

बाबा काटोल तालुक्यातले शेतकरी. थोडा कापूस, बाकी संत्र्याची बाग. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. आजार कळल्यापासून आईबाबा माझ्याकडे राहतात.

आजार कळायलाच वेळ लागला. उजवा खांदा धरला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे महिनोन्महिने शेक आणि व्यायाम चालला. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला राहायचा, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सही बारीक बारीक होत गेली आणि बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. पुढे अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलायला लागली, तेव्हा धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी बाबांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताने जमलं, उजव्या हाताची हालचाल चार-पाच वेळांतच आखडत गेली. मग मनगट आणि कोपर हलवून पाहिलं, पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि आजाराचं नाव सांगितलं. एमआरआय काढला, पण तो नॉर्मल येईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मेंदूत दुसरं काही नाही ना, एवढंच त्यातून बघायचं असतं. तरी रिपोर्ट नॉर्मल आल्यावर अर्ध्या नातेवाइकांनी ‘मग काहीच नाही झालेलं’ असं जाहीर केलं. पार्किन्सन्सचं निदान आजही मुख्यतः डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होतं, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवणं फार अवघड जातं.

त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी काही विचारलं. पोट साफ होतं का? झोपेत ओरडता, हातपाय झाडता का? वास येतो का? आई एकदम म्हणाली, “अहो डॉक्टर, यांना बहराचा वास येत नाही, कितीतरी वर्षं झाली.” आंबिया बहर फुटला की जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या भागात हवाच गोड होते. बागेत उभ्या असलेल्या संत्रावाल्याला तो वास येत नाही, आणि घरातले म्हणतात सर्दी असेल. झोपेतल्या लाथांमुळे आईने खाट वेगळी केली होती, तीही हात हलायला लागायच्या कितीतरी आधी. जर्मनीतले हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असा तर्क मांडला की पुष्कळ पेशंटमध्ये हा आजार आतडं आणि वासाची केंद्रं यांच्यापासून सुरू होऊन वर मेंदूत सरकत जातो. सगळ्यांना तो लागू पडत नाही, त्यावर वाद आहेत. पण बद्धकोष्ठ, वास जाणं आणि स्वप्नात हातपाय झाडणं हे कित्येकांत दहा-दहा वर्षं आधी दिसतं, हे आता नीट नोंदलं गेलं आहे. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालीसाठी लागणारं रसायन बनवतात. हाताची थरथर डोळ्यांना दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. संशोधकांची सगळी धडपड त्या आधीच्या वर्षांत पोचण्याची आहे.

औषध सुरू झालं ते लेव्होडोपा-कार्बिडोपाचं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी सिंडोपा म्हणतात ती गोळी. तिच्यामागची कथा कळली तेव्हा मला भरून आलं, कारण तिची एक मुळी आपल्याच रानात आहे. सर्पगंधा मी दरवर्षी वर्गात शिकवते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये रक्तदाब आणि मानसिक आजारांवर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा १९४९ मधला रक्तदाबावरचा लेख जगभर गेला. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना हेच रेसर्पिन दिलं. ससे ताठरून निश्चल झाले. मग त्यांना डोपा टोचलं (शरीर त्यापासून डोपामिन बनवतं, लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप) आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. डोपामिन संपलं की हालचाल थांबते, हे तिथे दिसलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी मृत पेशंटांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा मोजून दाखवला. पुढच्याच वर्षी पेशंटांना लेव्होडोपा टोचून पाहिलं गेलं आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये अवघ्या सहा पेशंटांवरून हा आजार १८१७ मध्ये लिहून ठेवला होता. तिथपासून उपयोगी पडणाऱ्या गोळीपर्यंत दीडशे वर्षं गेली.

खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांमध्येही लेव्होडोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या संशोधकांनी १९३७ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. म्हणूनच सांगते, शेजारणीने आणून दिलेली कपिकच्छूची पूड चालू गोळीच्या जोडीला डॉक्टरांना न विचारता देऊ नका. ती निरुपद्रवी म्हणून घरात येते, प्रत्यक्षात त्याच औषधाची न मोजलेली मात्रा पोटात जाते.

गोळीने बाबा उभे राहिले. पण प्रत्येक घराला जे शिकावं लागतं ते आम्हीही शिकलो. बसच्या दारात रेटारेटी व्हावी तशी वरणातली, दुधातली प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची शरीरात आत शिरताना रेटारेटी होते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो. आमच्या घरात आता ‘ऑन’ (गोळीचा असर आहे) आणि ‘ऑफ’ (असर उतरला) हे शब्द चहा-पाण्यासारखे वापरले जातात. ही गोळी डोपामिनची उणीव भरून काढते, पेशी मरणं थांबवत नाही. ते थांबवतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आज जगात नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

संशोधनाबद्दल विचारलं तेही त्यांनीच. देशात अनेक शहरांतून पार्किन्सन्सच्या पेशंटांचं आणि तशाच वयाच्या निरोगी माणसांचं रक्त गोळा करून जनुकं तपासायची, सोबत त्यांच्या आयुष्याची माहिती घ्यायची, असा तो अभ्यास. नवं औषध नाही, इंजेक्शन नाही. बाबांनी विचारलं, “मग मले काय फायदा?” डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला काहीच नाही, काका. कदाचित तुमच्या नातवंडांच्या वेळच्या पेशंटांना होईल.” बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विचार करून सांगतो.”

आम्ही आठवडाभर विचार केला. मी वाचत गेले. या आजाराची जी जनुकं सापडली ती बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तातून. १९९७ मध्ये दक्षिण इटलीतल्या एका गावाच्या कुटुंबात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला. त्याच वर्षी असंही दिसलं की फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेले, पेशंटांच्या मेंदूपेशींत साचणारे गोळे याच प्रथिनाचे असतात. २००४ मध्ये एलआरआरके२ हे जनुक आलं. त्यातला जो दोष युरोपात, ज्यू आणि उत्तर आफ्रिकी लोकांत वरचेवर दिसतो, तो भारतीय पेशंटांत अगदी क्वचित मिळतो. म्हणजे त्या दोषावर उद्या औषध निघालं तरी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कामाचं. याच्या उलट बाजूचं उदाहरण २०२३ मधलं. नायजेरिया आणि इतर ठिकाणच्या आफ्रिकी वंशाच्या हजारो लोकांचं रक्त पहिल्यांदाच नीट तपासलं गेलं आणि जीबीए१ या जनुकातला, आजाराचा धोका वाढवणारा असा एक बदल सापडला जो युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. तोवर तो कुणाला दिसला नव्हता, कारण त्या लोकांचं रक्त कुणी पाहिलंच नव्हतं. हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आमच्यासारख्याचं रक्त त्यायच्यापाशी नाहीच.” त्यांचा निर्णय त्या वाक्यातच झाला असं मला वाटतं.

संमतीपत्र मराठीत होतं, बरंच पानी. घरी नेऊन वाचा, घाई नाही, असं सांगून दिलं होतं. कुठे ‘इथे सही करा’ म्हणून बोट ठेवून कागद पुढे केला तर सही करू नका, हे मी ठामपणे सांगेन. आम्ही तीन संध्याकाळी ते मोठ्याने वाचलं. बाबा शेतीच्या कर्जाचे कागद जसे वाचत आले तसंच हेही त्यांनी वाचून घेतलं, प्रत्येक ओळीला थांबवत. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक राहील. रक्तातला डीएनए पुढच्या संशोधनासाठी साठवायचा की नाही, याचा वेगळा चौकोन. परदेशी संस्थेला नमुना किंवा माहिती द्यायला हरकत आहे का, याचा वेगळा चौकोन. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येईल आणि त्यामुळे चालू उपचारात फरक पडणार नाही. पैसे मिळणार नाहीत, द्यावेही लागणार नाहीत, येण्या-जाण्याचा खर्च मिळेल. नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन शेवटच्या पानावर. परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य-संशोधनाला आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाच्या समितीची वेगळी मंजुरी लागते, तिचा उल्लेखही होता.

एक कलम मला जड गेलं. तपासणीचा वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही, असं ते होतं. बाबांत एखादा दोष सापडला तर माझ्यातही असू शकतो, आणि ते मला कळणार नाही. मी हे थेट विचारलं. संशोधनाच्या प्रयोगशाळेतली तपासणी निदानासाठी प्रमाणित केलेली नसते, म्हणून तिच्या आधारावर कुणाला काही सांगणं धोक्याचं असतं. आपल्याला जाणून घ्यायचंच असेल तर समुपदेशन घेऊन स्वतंत्र तपासणी करता येते. शिवाय बहुतेक पेशंटांच्या घरात दुसरा कुणी पेशंट नसतो. शंभरात दहा-पंधरा जणांच्याच नात्यात दुसरा कुणी निघतो. आमच्या घराण्यात कुणी आठवत नाही. मी अजून तपासणी केलेली नाही. आज कळून मी वेगळं काय करणार, याचं उत्तर मिळेपर्यंत करणार नाही.

तपासणीची सकाळ ही या सगळ्यातली सर्वांत कठीण गोष्ट होती, तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. औषधाशिवाय आजार केवढा आहे ते मोजण्यासाठी आदल्या रात्रीनंतर गोळी घ्यायची नव्हती, साधारण बारा तास. बाबांना गोळीशिवाय मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पहाटे त्यांना कूस बदलता येईना. आईने आणि मी दोघींनी मिळून बसवलं. सदऱ्याची बटणं आईने लावली, चहा चमच्याने पाजला. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती, बोलणं पुटपुटण्यासारखं. मी म्हटलं, “बाबा, नको जाऊया, मी फोन करून सांगते.” ते फार हळू म्हणाले, “हाव म्हटलं ना त्यायले.” दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटले. तिथे मोजून पावलं टाकायची युक्ती वापरली, एक-दोन, एक-दोन. हॉस्पिटलात व्हीलचेअर तयार ठेवली होती. ती आधीच सांगून ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. सोबत दोन माणसं असू द्या, आणि गोळी तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. बोटं आपटणं, मूठ उघडणं-मिटणं, टाच आपटणं, हात छातीवर बांधून खुर्चीतून उठणं. शेवटी त्या मागे उभ्या राहिल्या आणि खांदे धरून बाबांना झटका दिला. तोल सांभाळता येतो का ते बघतात. बाबा सरळ त्यांच्या हातात कलंडले आणि त्यांनी अलगद धरलं. प्रत्येक गोष्टीला ० ते ४ गुण. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. मग गोळी दिली. पाऊण तासाने बाबांनी स्वतःहून मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. आईच्या ते आधी लक्षात आलं. पुन्हा तेच सगळं झालं, त्याच खुर्चीत, त्याच क्रमाने, आणि गुणांची बेरीज निम्म्याहून खाली आली. ज्या गोळीला आपण घरात वेळापत्रक, पथ्य आणि कटकट म्हणून ओळखतो तिचं खरं मोल त्या दोन आकड्यांत पाहिलं.

वासाच्या तपासणीत एकेक गंध हुंगायला देऊन चार पर्यायांतून ओळखायला सांगत. वेलची, केवडा, लिंबू, संत्रं. बहुतेक ठिकाणी बाबांनी मान हलवली. संत्र्याला त्यांनी नुसतं बोट ठेवलं. बरोबर निघालं, पण तो अंदाज होता हे त्यांनीच सांगून टाकलं आणि डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

त्यानंतरचा प्रश्नसंच बाबांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. डोक्याला मार लागला होता का? पिण्याचं पाणी विहिरीचं होतं का? तंबाखू, विडी, चहा-कॉफी? आणि मग शेती. स्वतः फवारणी केली का, किती वर्षं, कोणत्या पिकावर, कोणतं औषध, पंप गळायचा का, हातमोजे होते का, अंगावर सांडलं तर कपडे केव्हा बदलायचे? बाबांना औषधांची नावं आठवत नव्हती, डबे आठवत होते. निळ्या झाकणाचा, कवटीच्या चित्राचा, उग्र वासाचा. मी तिथूनच काटोलच्या जुन्या कृषी केंद्रवाल्यांना फोन लावला. ते वर्षावार सांगत गेले: आधी बीएचसीची पावडर, मग एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, आणि बागेतल्या तणासाठी पॅराक्वाट. हातमोजे कधीच नव्हते. तोंडाला दुपट्टा. भर उन्हात सदरा ओला होईपर्यंत पाठीवर पंप, आणि त्याच सदऱ्यात जेवण.

हे प्रश्न का विचारतात त्याला मोठा इतिहास आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसं अचानक ताठरून निश्चल झाली, अगदी जुन्या पार्किन्सन्सच्या पेशंटांसारखी. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा या तरुणांनी घेतलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ सापडली. ती नेमक्या त्याच डोपामिनच्या पेशी मारत होती. शरीरात या विषाचं जे रूप होतं त्याची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे. २००० मध्ये रोटेनोन या कीटकनाशकाने उंदरांत असाच आजार उभा करून दाखवला गेला. २०११ मध्ये अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते दुकानात मिळतं.

बाबांनी विचारलं, “म्हणजे मले त्या फवाऱ्यानंच झालं?” डॉक्टर म्हणाल्या, “काका, हजार माणसांबद्दल आम्ही काही सांगू शकतो. तुमच्या एकट्याबद्दल नाही सांगता येत. फवारणारे बहुतेक लोक या आजारापासून दूर राहतात, आणि शहरात राहून कधी पंप न उचललेल्यांनाही तो होतो.” वय, जनुकं, विषारी द्रव्यं आणि आपल्याला न दिसणारं आणखी बरंच काही एकत्र येतं. हे उत्तर खरं होतं, म्हणून मला ते पटलं. पण एक गोष्ट मी माझ्या जबाबदारीवर म्हणते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा विदर्भात सगळे हळहळले. तत्काळ मारणारं विष आपल्याला दिसतं. तीस वर्षांनी हात थरथरायला लावणारं विष असेल तर ते कुणाच्या नोंदीत येणार? फवारणीची नोंद ठेवणं, हातमोजे-मास्क देणं आणि गळका पंप बदलणं याला कोणत्याही जनुकाच्या शोधाची वाट बघायची गरज नाही.

रक्त काढायला पाच मिनिटं लागली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

निरोगी माणसंही हवी होती, त्याच वयाची, शक्यतो त्याच भागातली, रक्ताचं नातं नसलेली. बाबांनी आमच्या शेजारधुऱ्याच्या काकांना तयार केलं. ते आपल्या मुलाच्या गाडीवर बसून काटोलहून आले. दोघांचं वावर एकाच बांधाला, दोघांनी तीच औषधं त्याच वर्षांत फवारलेली, एकाच विहिरीचं पाणी. त्यांनी वासाचे जवळपास सगळे गंध ओळखले. त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, “मले काहून नाही झालं मग?” डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रश्न विचारता यावा म्हणूनच त्यांचं रक्त पाहिजे. काकांना आपण आजारी नसताना कशाला बोलावलं याचा उलगडा तिथे झाला. निरोगी माणसं अशा अभ्यासात फार कमी येतात, असं त्या सांगत होत्या. पेशंटच्या नवरा-बायकोने दिलं तरी चालतं. आईनेही दिलं.

संशोधनाच्या नावाखाली दुसरंही बरंच दारात येतं. बाबांच्या आजाराचं कळल्यावर ‘स्टेम सेलने बरा करतो’ असे फोन आले, लाखांचा आकडा सांगणारे. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या मूळपेशी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काही ठरावीक रक्ताचे आजार वगळता स्टेम सेलचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करायचा नाही. जपानमध्ये क्योतोत प्रयोगशाळेत तयार केलेल्या डोपामिनच्या पेशी मेंदूत बसवण्याची खरीखुरी चाचणी झाली. २०२५ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत पेशंट होते फक्त सात. दोन वर्षं त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवलं गेलं, आणि त्यानंतरही संशोधकांनी ‘सुरक्षित दिसतं, उपयोगही होऊ शकेल, पुढे तपासायला हवं’ यापलीकडे दावा केला नाही. जिथे पैसे मागतात आणि हमी देतात तिथून उठून या. औषधाची चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक मागा. भारताच्या या नोंदवहीत अशा चाचण्यांची नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.

मधुमेहाच्या औषधाने पार्किन्सन्स थांबतो, असा निरोपही व्हॉट्सअॅपवर फिरत होता. त्यात तथ्याचा अंश होता. एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाने २०१७ मध्ये लंडनच्या साठेक पेशंटांच्या छोट्या चाचणीत आशा दाखवली होती. मग १९४ जणांवर ९६ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचा निकाल आला: औषध घेणारे आणि नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणारे यांच्यात फरक नाही. हे बाबांना वाचून दाखवताना मला वाईट वाटत होतं. ते म्हणाले, “त्या लोकायनं दोन वर्षं सुया टोचून घेतल्या, तवा कळलं ना नाही चालत म्हणून.” दुसरा गट कशाला, हेही त्यांनी विचारलं. या आजारात आपल्याला औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये ते मोजून दाखवलं. त्यामुळे तुलनेचा गट नसलेल्या ‘आमच्याकडे पेशंट बरे झाले’ या कहाण्यांवर विसंबता येत नाही.

अभ्यासाकडून वर्षाला एक तपासणी आहे, त्यातली एक झाली. निकाल काही वर्षांनी, हजारो नमुने एकत्र झाल्यावर छापले जातील. त्यात बाबांचं नाव नसेल.

मध्यंतरी बाबांनी एक नवीन विषय काढला. हा आजार नक्की कोणता होता हे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच शंभर टक्के कळतं, असं त्यांनी त्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत १९९५ पासून मेंदू जतन करण्याची पेढी आहे. आपल्यानंतर आपला मेंदू द्यायचा, असं त्यांच्या मनात आहे. मृत्यूनंतर काही तासांत सगळं करावं लागतं, आणि नागपूरहून ते कसं जमेल याची चौकशी मी सुरू केली आहे. आईचा होकार नाही. तिच्या होकाराशिवाय बाबा पुढे जायला तयार नाहीत, आणि मी तिला समजावायला जाणार नाही.